बंद घरांचे दिवे

पाष्टेवाडीत एकोणीस घरं होती. त्यांतल्या सात घरांत कोणी राहत नव्हतं, आणि त्या सातही घरांत रोज संध्याकाळी दिवा लागत असे.

हे काम वनिता पाष्टेकडे होतं. तिला कोणी नेमलं नव्हतं. घर बंद करून मुंबईला जाणारा माणूस जाताना किल्ली तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "देव एकटे हायत, लक्ष ठेवा." एक किल्ली झाली, मग दुसरी. आता तिच्या पडवीत खुंटीला सात किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. दिवेलागणीला ती तेलाची बाटली आणि वातींची डबी घेऊन निघायची. कुलूप काढायचं, चपला बाहेर सोडायच्या, माजघरातल्या देव्हाऱ्यापर्यंत जायचं, जुनी वात काढून नवी घालायची, काडी ओढायची, हात जोडायचे आणि परत फिरायचं. बाकीच्या खोल्यांत ती जात नसे. किल्ली दिली ती देवासाठी दिली, घर उघडून बघायला नाही, असं तिचं मत होतं.

वाडी तळसडे गावच्या वरच्या अंगाला होती, सड्याला लागून. सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत माजायचं आणि दिवाळीनंतर वाळायचं. पूर्वी वणवा सड्यावर लागायचा आणि सड्यावरच संपायचा, कारण सडा आणि घरं यांच्यामध्ये भातशेती होती. कापणी झालेलं मोकळं शेत आग ओलांडत नाही. माणसं गेली तशी शेतं पडीक झाली. त्यांत आधी गवत आलं, मग घाणेरी, मग अकेशिया. रान उतरत उतरत घरांच्या मागच्या दारापर्यंत आलं. सरकारी कॅलेंडरात आता 'वणवा हंगाम' म्हणून वेगळा काळ छापला जात होता आणि त्या काळात शाळा फक्त सकाळी भरत.

साय त्या हंगामासाठी बसवली होती.

वणव्यात घर पेटतं ते बहुतेक वेळा समोरून आलेल्या ज्वाळेने नाही. ज्वाळेच्या बऱ्याच पुढे वाऱ्यावर ठिणग्या येतात. त्या कौलांच्या फटीतून आत शिरतात, पडवीतल्या लाकडांच्या ढिगात बसतात, अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीत घुसतात. आग शेजारच्या रानात असते आणि घर आतून पेटायला लागतं. तेव्हा ठिणगी बसेल अशी कोरडी जागाच घराला ठेवायची नाही, हा उपाय. नुसतं पाणी मारून भागत नाही, कारण उन्हात आणि वणव्याच्या झळेत ते लगेच उडून जातं. म्हणून पाण्यात एक पावडर मिसळायची. लहान मुलांच्या डायपरमध्ये असते त्याच जातीची, पण स्टार्चपासून केलेली. तिचा एक कण स्वतःच्या शेकडो पट पाणी धरून ठेवतो. छपराच्या कडेने बसवलेल्या तोट्यांतून हे मिश्रण सुटलं की कौलांवर, भिंतींवर, दारांवर बोटभर जाडीचा थर बसतो आणि तो उभ्या भिंतीवरूनही ओघळत नाही. दुधावर धरते तसा. ती बसवणाऱ्या प्रकल्पाने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. वाडीने साय म्हटलं, आणि मग प्रकल्पाच्या कागदांवरही तेच आलं.

सायीत एकच अडचण होती. पाणी. सड्यावरच्या टाकीतून ते उताराने खाली यायचं. विहिरीचा झरा जोरात असेपर्यंत टाकी बारा घरांना पुरायची. हंगामाच्या भरात, झरा आटल्यावर, ती आठ घरांना पुरायची. उरलेल्यांनी भोंगा झाला की घर सोडून खालच्या शाळेच्या पटांगणावर जायचं होतं. कोणती आठ, हे यंत्र ठरवायचं. ज्या घरातली माणसं पळू शकत नाहीत, ती घरं आधी.

घरात कोण आहे हे कळायला कॅमेरे लावायचे होते. ग्रामसभेने ते नाकारले. मग प्रत्येक घराच्या पडवीत एक पांढरी पेटी बसली. पेटीला चेहरे दिसत नसत. तिला फक्त ऊब कळायची, भिंतीपलीकडचीही, आणि ऊब हलते आहे की एका जागी आहे, हे कळायचं. रोज बघून बघून ती घराची सवय शिकायची. पेटीवर हिरवा ठिपका असला तर त्या घराला साय मिळणार, लाल असला तर बाहेर पडायचं.

सात बंद घरांच्या पेट्यांनी महिनाभर काय पाहिलं? रोज तिन्हीसांजेला कोणीतरी हळू चालत येतं. मग माजघरात एक बारीक ऊब रात्रभर एका जागी राहते. दिवसा काहीच हालत नाही. पेट्यांनी त्यातून एक माणूस तयार केला. एकटा, वयस्कर, फारसा न उठणारा.

सातही घरांवर हिरवा ठिपका लागला.

* * *

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मृण्मयी ठोसरच्या. ती प्रकल्पाची इंजिनिअर. महिन्यातून दोनदा चिपळूणहून यायची, टाकी आणि व्हॉल्व्ह तपासायची. त्या दिवशी ती वनिताच्या ओट्यावर बसली तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता आणि झरा आटल्यामुळे वनिताच्या घरावरचा ठिपका आदल्याच दिवशी लाल झाला होता.

आत खाटेवर वनिताचा नवरा दत्ताराम पडून होता. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली होती. माणूस अंगाने भारी. जीभ जड झाली होती, पण थांबली नव्हती.

"काकू, काकांचं आजारपण यंत्राला माहीत आहे," मृण्मयी म्हणाली. "पण तुम्ही सोबत आहात, धडधाकट आहात, म्हणून ते तुम्हाला एकट्या माणसांच्या मागे टाकतं. पुढे आठ एकटी माणसं आहेत. त्यांतली बायजाबाई खरी. बाकीची सात म्हणजे तुमचे दिवे."

आतून दत्ताराम म्हणाला, "सात म्हातारे पोसलेन हिनं. मला चा मिळत नाय."

"आत्ताच दिला ना चा," वनिता म्हणाली.

"तो सकाळचा."

मृण्मयी हसली नाही. "दिवे बंद केलेत तर चार दिवसांत पेट्यांना कळेल की घरं रिकामी आहेत."

"देवाचा दिवा बंद कसा करायचा, बाय? किल्ली घेतलीय मी."

"मग मी हाताने 'रिकामं' अशी नोंद करते. सगळ्यांना सांगून. लपवून नाही करणार."

"सांगून बघ," वनिता म्हणाली.

ग्रामसभा शाळेत झाली. गावातली माणसं बाकांवर होती आणि मुंबई मंडळातली भिंतीवरच्या पडद्यावर. सड्यावरची टाकी मुंबई मंडळाने बांधून दिली होती, आणि पडद्यावरच्या कोणालाही ते बोलून दाखवावं लागलं नाही. मृण्मयीने सगळं नीट समजावलं. वनिताचा धाकटा दीर वसंत, नालासोपाऱ्याहून, सगळ्यांच्या वतीने बोलला.

"मॅडम, तुमचं मशिन म्हणतंय माणूस हाय. तुम्ही म्हणता नाय. आम्ही कुणाचं ऐकायचं?"

"मशिन दिव्याला माणूस समजतंय."

"समजू द्या की. घर उभं ऱ्हातंय ना? आज बंद हाय, उद्या आम्ही येणार. जळलं तर कुठं येणार?"

"पण ज्या घरात आज माणसं आहेत—"

"त्यांना पाय हायत. घराला पाय नायत."

बाकांवर दोघं-तिघं हसले. खाली बसलेल्या, वाडीतल्याच सुरेश भुवडने हात वर केला. "दत्तारामभाऊंना कुठले पाय?"

दत्ताराम वसंतचा सख्खा भाऊ. वसंत म्हणाला, "भाऊला उचलायला तू हायस, तुझा पोरगा हाय. चाकांची खुर्ची दिलीय प्रकल्पानं. वहिनी, काय म्हणता? तुम्हीच सांगा."

सगळ्यांनी वनिताकडे पाहिलं. तिने पदर नीट केला.

"दिवा मी लावणार," ती म्हणाली. "बाकी तुम्ही ठरवा."

ठरलं ते असं, की यंत्राच्या नोंदीत कोणीही हाताने बदल करायचा नाही. दत्तारामला खाली नेण्याची जबाबदारी भुवड बापलेकांवर आली.

त्या दिवसापासून मुंबईचे फोन वाढले. पूर्वी सणासुदीला यायचे, आता रोज यायचे. लोक आपापल्या फोनवर घराचा हिरवा ठिपका बघायचे आणि तो दिसला तरी फोन करायचे. एकाने विचारलं, वात जरा जाड लावली तर चालेल का. दुसऱ्याने तेलाचा डबा एस.टी.ने पाठवून दिला. वसंतची बायको शैला रोज संध्याकाळी फोन करायची, पण ती ठिपक्याचं विचारत नसे.

"ताई, लावलात?"

"लावला गो."

"भाऊजी कसे हायत?"

"हाय ते हाय. तुझा सिद्धेश?"

"पुण्याला ट्रेनिंगला गेलाय कंपनीच्या. फोन करत नाय मेला. तुमच्याच अंगावर गेलाय, बोलायचं म्हणजे जीवावर."

* * *

वणव्याच्या आदल्या संध्याकाळी वनिता वसंतच्या घरी दिवा लावायला गेली तेव्हा समईतलं तेल आधीच्या दोन दिवसांसारखंच जवळजवळ तसंच होतं. वातीचं फक्त टोक काळं झालं होतं. म्हणजे आदल्या रात्रीही ती गेल्या गेल्या दिवा विझला होता.

तिने वर कौलांकडे पाहिलं. वारा आत येत असणार. सुरेशला सांगून एक कौल सरकवून घ्यायला हवं. मागच्या खोलीत काहीतरी सरकल्यासारखं वाजलं. उंदीर. बंद घरात उंदीर व्हायचेच. तिने नवी वात घातली, काडी ओढली, हात जोडले, आणि कुलूप लावून पुढच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सुरेश आणि त्याचा मुलगा आठवड्याच्या बाजाराला गेले होते. वाडीतली बाकीची माणसं काजू गोळा करायला खालच्या बागांत उतरली होती. वनिता घरामागच्या तिच्या चार झाडांखाली बोंडं पिळून बिया काढत होती. सड्यावर वास घेणारे खांब होते. वाडी त्यांना नाकं म्हणायची. तिला धूर दिसायच्या आधी नाकांना तो कळला आणि भोंगा सुरू झाला.

आग कशी लागली हे नंतरही ठरलं नाही. कोणी म्हणालं बागेतला पाला जाळताना, कोणी म्हणालं विजेच्या तारेने. वारा वरून खाली होता, हे मात्र सगळ्यांना आठवत होतं.

ती घरात गेली. दत्ताराम डाव्या हातावर जोर देऊन अर्धा उठून बसला होता.

"सुरेश?"

"बाजारात."

"मग तू जा."

तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. तो खाटेवरून खुर्चीत आला, पण खुर्ची दारातच अडली. दाराबाहेर पाखाडी होती, दगडी पायऱ्यांची उतरती वाट. एकट्या बाईने त्या वाटेवरून त्याला खाली काय, शेजारच्या घरापर्यंतही नेणं शक्य नव्हतं. दोघांनाही हे दिसत होतं. पडवीतल्या पेटीवर लाल ठिपका होता आणि पेटी एका सुरात सांगत होती, घर सोडा, शाळेकडे जा.

शेजारच्या बंद घराच्या छपरावरून सायीचा पहिला फवारा सुटला. त्या घराची पेटी वेगळं सांगत होती. घरातच थांबा. दारं-खिडक्या लावून घ्या. साय येत आहे.

"येते," वनिता म्हणाली आणि वरच्या दिशेने पळाली.

व्हॉल्व्हची खोली वाडीच्या वरच्या टोकाला, टाकीच्या पायथ्याशी होती. भिंतीवर एकोणीस चाकं, प्रत्येकाखाली घराचं नाव रंगवलेलं. एरवी ती मोटारीने फिरत. मोटार अडकली तर हाताने कशी फिरवायची, हे मृण्मयीने वाडीतल्या सगळ्यांना शिकवलं होतं, आणि एक गोष्ट दोनदा बजावली होती. आठपेक्षा जास्त घरं उघडायची नाहीत. नववं उघडलं तर दाब पडेल, मिश्रण कोणाच्याच माथ्यापर्यंत चढणार नाही आणि नऊही घरं अर्धी कोरडी राहतील.

म्हणजे एक बंद करून एक उघडायचं होतं.

उघडलेल्या आठ चाकांपैकी एक बायजाबाईचं. ते तिने बाजूला ठेवलं. उरलेली सात घरं रिकामी होती. हे तिच्याइतकं खात्रीने सांगणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. आदल्याच संध्याकाळी ती सातही घरांत जाऊन आली होती.

कोणाचं घ्यायचं, याचा विचार करायला तिला वेळ लागला नाही. मोहन पाष्ट्याने किल्ली दिली होती, त्याचं घेता येत नव्हतं. धोंडूच्या विधवेचं तर नाहीच. तेलाचा डबा पाठवणाऱ्याचं नाही. दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं आपल्या माणसासाठी घेतलं तर ती चोरी. आपल्या घरातलं घेतलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत. उद्या शैला रडेल, वसंत चार शब्द बोलेल, आणि ते ऐकून घेता येईल. भावाच्या जिवासाठी भावाचं घर गेलं, यात कोणाला काही सांगायला लागणार नाही.

तिने वसंतच्या नावाचं चाक दोन्ही हातांनी फिरवून बंद केलं आणि आपलं उघडलं.

ती परत आली तेव्हा घर पांढरं झालं होतं. दाराच्या चौकटीवरून साय लोंबत होती. ती हातांनी बाजूला करून वनिता आत शिरली. दत्ताराम खुर्चीतच होता. तिने खुर्ची आत सारून दार ओढून घेतलं, त्याच्या डोक्यावर ओलं गोधडं टाकलं आणि खाली जमिनीवर बसली. बाहेर आवाज वाढत गेला. नंतर तो कमी झाला. मधल्या वेळात एकदा दत्तारामने डावा हात खाली सोडला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.

* * *

वाडीतली अकरा घरं गेली. त्यांतल्या दहा घरांतली माणसं शाळेच्या पटांगणावर सुखरूप होती. साय लागलेली आठही घरं उभी राहिली. प्रकल्पाच्या अहवालात यश म्हणून जे लिहिता येईल ते एवढं होतं.

अकरावं घर वसंतचं. दुसऱ्या दिवशी, भिंती हात लावण्याइतक्या निवल्यावर, सुरेश आणि पंचायतीचे दोघं आत गेले. मागच्या खोलीत त्यांना सिद्धेश सापडला.

पुढे जे कळलं ते असं. पुण्याला कसलंच ट्रेनिंग नव्हतं. सिद्धेशची नोकरी गेली होती आणि ते घरी सांगायचं त्याच्याने झालं नव्हतं. वणव्याच्या तीन-चार दिवस आधी तो तळसड्याला उतरला, सड्याच्या बाजूने वर आला आणि मागच्या दाराला आतून आडवा लावलेला आडणा फटीतून काठीने उचलून आत शिरला. लहानपणी सुट्टीत आला की तो तसाच शिरायचा. काकाने, म्हणजे दत्तारामनेच, त्याला ते शिकवलं होतं. रोज संध्याकाळी वनिता यायची तेव्हा तो मागच्या खोलीत गप्प बसायचा. ती गेल्यावर उजेड बाहेर दिसू नये म्हणून दिवा विझवायचा.

भोंगा झाला तेव्हा तो पळू शकला असता. तीस वर्षांचा माणूस. पण पडवीतली पेटी त्याला सांगत होती, घरातच थांबा. तो थांबला. छपरावर फवारा सुरूही झाला, आणि मग थांबला. पेटीने आपलं सांगणं बदललं नाही. हा दोष नंतर दुरुस्त करण्यात आला.

पोलिसांनी पंचनामा केला आणि अपघाती मृत्यूची नोंद केली. मृण्मयी दोन दिवसांनी आली. ती ओट्यावर बसली नाही, अंगणात उभी राहिली. मांडीएवढ्या उंचीपर्यंत घराच्या भिंतीवर वाळलेल्या सायीची पापुद्रे धरलेली रेघ होती.

"चाक हाताने फिरवल्याची नोंद आहे," ती म्हणाली.

"मीच फिरवलं."

"पेटी तिथे एक माणूस दाखवत होती, काकू."

"ती रोजच दाखवायची."

"हो." मृण्मयी हातातल्या फोनकडे बघत राहिली. "मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तो आल्यावर उबेत फरक पडला होता. थोडासा. यंत्राने तो टाकून दिला. त्याच्या हिशोबाने तिथे आधीपासून एक माणूस होताच. एकाच्या जागी एक. बदल काहीच नव्हता."

"बरं," वनिता म्हणाली.

"तुम्ही काही बोलत का नाही?"

"काय बोलू, बाय? चा टाकू?"

मृण्मयी नको म्हणाली. मग थोड्या वेळाने हो म्हणाली, आणि उभ्यानेच प्यायली.

* * *

दिवसकार्य गावातच झालं. वसंत सगळ्यांशी बोलला, जेवणावळीच्या पाण्याचं बघितलं, भावाच्या खाटेजवळ येऊन बसला. त्याने वनिताला एकही शब्द लावला नाही. दत्ताराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. बातमी कळल्यापासून तो बोललेला नव्हता. आधी सगळ्यांना वाटलं दुसरा झटका आला. डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, जीभ पूर्वीसारखीच आहे.

निघायच्या दिवशी शैला एकटीच जळलेल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसली. वनिता तिच्या शेजारी जाऊन बसली. खाली शाळेच्या पटांगणावर प्रकल्पाचे तंबू दिसत होते. सडा काळा होता आणि त्यावर कुठे कुठे हिरवं टोक निघालं होतं.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"सात घरं होती. आमचंच का?"

"दुसऱ्याचं कसं घेणार?" वनिता म्हणाली. "आपलं होतं म्हणून घेतलं."

पायाशी फुटलेल्या कौलाचा तुकडा होता, तो उचलून शैलाने पालथा केला, पुन्हा होता तसा ठेवला.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "मीपण तेच केलं असतं."

मग तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. उठताना तिने वनिताच्या हाताचा आधार घेतला.

"त्याला ऐकू येत असेल ना," ती म्हणाली. "तुम्ही आलात की."

"चपला सोडायची मी. ऐकू येत असणार."

"तुम्ही बोलायचात काय देवाशी? मोठ्यानं?"

"नाय. नुसते हात जोडायचे."

"हां," शैला म्हणाली.

खालून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. शैला चार पावलं गेली आणि थांबली. "हितं दिवा लावणार काय?"

"लावणार."

"देव तर जळले."

"लावीन."

* * *

पुढच्या हंगामाआधी पेट्या बदलल्या. नव्या पेट्यांना दिव्याची ऊब आणि माणसाची ऊब वेगळी कळते आणि दर माणसामागे एक ठिपका लागतो, असं प्रकल्पाने कळवलं. तरी खात्री म्हणून बंद घरांच्या पेट्यांना एक बटण दिलं. किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने रोज सगळ्या खोल्या फिरून बघायच्या आणि बटण दाबून घर रिकामं असल्याचं कळवायचं. ग्रामसभेत या वेळी कोणी हरकत घेतली नाही.

आता वनिता देव्हाऱ्यापाशी थांबत नाही. चपला सोडून ती आत जाते आणि आधी मोठ्याने विचारते, "घरात कोण हाय काय?" विचारून उभी राहते. मग माजघर, मागची खोली, स्वयंपाकघर, माळ्याची शिडी. प्रत्येक ठिकाणी तेच विचारते आणि उत्तराला पुरेल एवढा वेळ थांबते. मग दिवा लावते. मग बटण दाबते. हिरवा ठिपका जातो आणि पेटी काही बोलत नाही. मुंबईहून आता फार फोन येत नाहीत.

सहा घरं झाल्यावर ती जोत्यावर जाते. तिथे पेटी नाही, भिंती नाहीत, शिरायला दार नाही. तरी ती चपला खाली पायरीशी सोडते. मागची खोली होती तिथपर्यंत चालत जाते आणि तिथेही विचारते. वारा असला तर दिवा टिकत नाही, म्हणून सुरेशने तिला चार विटांचा आडोसा करून दिला आहे.

त्या दिवशीही ती अशीच परत आली. अंधार पडायला लागला होता. बाटली आणि डबी ओट्यावर ठेवून तिने आपल्या घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि इतकी घरं फिरून आलेल्या तोंडाने सवयीने विचारलं, "घरात कोण हाय काय?"

आणि ती थांबली, जशी सगळीकडे थांबायची.

खाटेवर गोधडं हाललं. दत्ताराम जवळजवळ वर्षभर बोलला नव्हता. भिंतीकडेच तोंड ठेवून तो म्हणाला, "कोण नाय."

शब्द नीट आले होते. वनिता उंबऱ्यावर उभी राहिली. मग ती आत गेली, देवापाशी बसली, डबीतून नवी वात काढली आणि काडी ओढली. बाहेर पडवीत नव्या पेटीवर दोन ठिपके होते, घरातल्या माणसांचे, आणि दोन्ही हिरवे होते.